दिवेलागणीला रडणारी कुत्री

अन्याय झाला तो एका कुत्रीवर. मागच्या साली, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी पावणेतीन वाजता ती चाकूरच्या पुढच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, साखळीला बांधलेली असताना मेली. वेळ नक्की माहीत आहे, कारण शेतावरच्या सालगड्यानं तेव्हाच फोन लावला होता. आणि तिला तिथं धाडणारे कोण, तर लातुरातली आमची अख्खी गल्ली. त्यात मीही.

ती सायबेरियन हस्की होती. निळे डोळे, लांडग्यासारखं तोंड, अंगावर दाट दुहेरी केस. आमच्या समोर राहणारे सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांच्या लेकीनं मोबाइलवर असलं कुत्रं बघून हट्ट धरला आणि सरांनी नांदेडच्या एका ओळखीच्या माणसाकडून दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. लेक पुण्याला शिकायला गेली, कुत्री राहिली. सरांनी हयगय केली असं मी म्हणणार नाही. तिच्या खोलीला कूलर होता. स्वतः सर हॉलमध्ये पंख्याखाली घाम पुसत पेपर तपासायचे.

गल्लीचं भांडण तिच्या आवाजाशी होतं. ती भुंकायची नाही. मारुतीच्या देवळात आरतीचा भोंगा सुरू झाला की मान वर करून लांब सूर लावायची. दिवेलागणीची वेळ, आणि कुत्रं रडायलंय. म्हणजे कुणीतरी जाणार. आमच्याकडं कुत्रं रडलं की चप्पल उलटी घालतात, रडणं थांबतं म्हणे. तर रोज संध्याकाळी सरांचं दार सोडून गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यापुढं चपला उलट्या. किराणा दुकानदार सरांना तोंडावर म्हणाला, "एवढा पैसा घालून रडणारं कुत्रं आणलंत सर. भुंकणारं फुकट मिळालं असतं की."

आम्ही चार-पाच जण पत्रकं काढतो. नळाला पाणी येत नाही म्हणून, नाली तुंबली म्हणून. मला राग आला आणि मी कुत्रीवर पत्रक काढलं. दोन रात्री वाचत बसले होते. सायबेरियाच्या पार ईशान्य टोकाला चुकची लोक राहतात, त्यांनी पिढ्यानपिढ्या हे कुत्रं घडवलं, असं लिहिलं. बर्फावरून हलकं ओझं ओढत, थोडक्या खाण्यावर लांब-लांब जायला. माणसांच्या घोळक्यात वाढलेलं, म्हणून परक्याच्याही अंगावर जात नाही. शंभर-सव्वाशे वर्षांमागं समुद्रापलीकडं अलास्कात शर्यतीसाठी नेलं, तिथून जगभर पसरलं. एकटं ठेवलं की झुरतं. मोकळं सोडलं की पळत सुटतं, मागं बघत नाही. राखणीला निरुपयोगी. आणि ते रडत नाही, ते आपल्या टोळीला हाक मारतं. शेवटी ठळक अक्षरात लिहिलं: अपशकुन कुत्र्यात नाही, तुमच्या डोक्यात आहे.

ही शेवटची ओळ लिहिताना मला फार बरं वाटलं होतं.

सरांच्या भिंतीला लागून एक मावशी राहायच्या. त्यांचा नवरा सहा महिन्यांपासून अंथरुणावर होता. पत्रक घेऊन त्यांच्याकडं गेले तर त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझं कागद खरं असंल पोरी. पण ह्यांना अजून ऐकू येतंय. ते रडाय लागलं की माझ्या तोंडाकडं बघत्यात. मी काय सांगू त्यांना, सायबेरिया?"

मी पत्रक घडी करून पिशवीत घातलं आणि पुढच्या दाराला गेले.

चौथ्या दिवशी मावशींचे म्हातारबाबा गेले. संध्याकाळीच गेले. त्यानंतर गल्लीत माझं पत्रक कुणी फाडलं नाही की त्यावर हसलं नाही. दहावा झाल्यावर मंडळी देवळापुढं बसली, सरांना बोलावलं. कुत्री हलवा, एवढंच म्हणणं. सर खाली बघत होते. आणि तेव्हा मी तोंड उघडलं. चाकूरकडं तुमचं शेत आहे ना सर, म्हटलं, आखाड्यावर ठेवा, मोकळ्या हवेत राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या लवकर माझं म्हणणं त्या गल्लीत कधीच पटलं नव्हतं.

आखाड्यावर म्हणजे काय, तर एक पत्र्याचं शेड, एक लिंबाचं झाड आणि वयस्कर सालगडी. ती दोनदा पळाली. दोन्ही वेळा पुढच्या गावातून कुणीतरी दोरीनं धरून आणली. ती शेपूट हलवत आली. मग साखळी लागली. एका रविवारी मी भेटायला गेले तर ओळखू येईना. अंगावर केसच नव्हते. सालगड्यानं मेंढ्या कातरायची कात्री आणून तिला पार भादरली होती, गुलाबी कातडी दिसत होती.

"लई गुणाचं जनावर हाय ताई," तो म्हणाला. "कातरताना हललं न्हाई. एवढी लोकर घिऊन ह्या उन्हात कसं ऱ्हावं त्यानं?"

मला ते पटलं. बरं केलंत काका, म्हणाले मी. तिच्या उघड्या पाठीवरून हात फिरवला, ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून धापा टाकत राहिली, आणि मी पाचच्या बसनं परत आले.

ते केस थंडीसारखंच ऊनही अडवतात, हे मला गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. उशिरा. त्या दिवशी फोन आल्यावर सर आणि मी मोटरसायकलवर गेलो, डॉक्टर चाकुरातून येऊन थांबले होते. झाडाची सावली सरकली होती, साखळी तिथवर पुरत नव्हती. सालगडी तरीही घागरीनं तिच्यावर पाणी ओततच होता. सरांनी त्याचा हात धरला तेव्हा थांबला. "मी तर तिला सुख लागावं म्हणून केलं हो," एवढंच तो म्हणत होता. सरांनी त्याला दोष दिला नाही. मला मात्र द्यायला पाहिजे होता त्यांनी.

गल्ली आता शांत आहे. आरती होते, चपला सरळ असतात. सरांच्या घरचा कूलर तसाच आहे, कुणी लावत नाही. आणि मागच्या महिन्यात आमच्याच रस्त्यावर, तिसऱ्या बिल्डिंगमध्ये, एकानं नवं पिल्लू आणलं. निळ्या डोळ्यांचं. लोक त्याच्याबरोबर फोटो काढायलेत. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

म्हणून तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. हे कुत्रं मराठवाड्यात आणू नका. लेक रडली तर रडू द्या. आणि तुमच्या शेजारी कुणाकडं असेल तर आज दुपारी, ऊन असतानाच जा, दार वाजवा, ते कुठं बांधलंय ते डोळ्यांनी बघा आणि ते सावलीत, घराच्या आत घेतल्याशिवाय त्या दारातून हलू नका.