श्रेयाची तारीख

शहरातल्या एका रक्तपेढीत मी तंत्रज्ञ आहे, सतरा वर्षं झाली. रक्त घ्यायचं, तपासायचं, पिशवीवर गट लिहून फ्रिजमध्ये ठेवायचं, मागणी आली की द्यायचं. माणसांशी आमचा संबंध खिडकीपुरता. पण दर एकवीस दिवसांनी त्याच खिडकीशी उभं राहणारं माणूस ओळखीचं होतंच. सुलेखा दाभाडे त्यातली.

ती दौलताबादची. किल्ल्याच्या पायथ्याशी, जिथं पर्यटकांच्या गाड्या थांबतात, तिथं सासूबरोबर पेरू विकायची. दिवाळीच्या सुमारास सीताफळं. नवरा अतुल वाळूजला एका कारखान्यात कंत्राटी कामगार. त्यांची एकुलती मुलगी श्रेया आठ महिन्यांची असताना पांढरी पडत गेली आणि तपासणीत थॅलेसेमिया निघाला. म्हणजे अंगातलं रक्त टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं भरावं लागतं, आणि हे वर्षानुवर्षं. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात हा दोष थोडा थोडा होता, पण त्यांना त्याचा कधी त्रास झाला नव्हता, त्यामुळं पत्ताही नव्हता. डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी सुलेखा मला पहिल्यांदा दिसली. रडत नव्हती.

"मंग आमचं दोघांचं तिला चालायचं नाय?" एवढंच तिनं विचारलं.

पुढं सात वर्षं तिची एकही तारीख चुकली नाही. श्रेया मोठी झाली तशी सुईसाठी स्वतःच हात पुढं करायला लागली. सुलेखा कोपऱ्यात बसून राहायची. कुणाला प्यायला पाणीसुद्धा मागायची नाही. मागण्याचा तिला मनापासून संकोच होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं तिच्यावर जी वेळ आली ती मागण्याचीच होती.

२०२०च्या मार्चमध्ये, एकवीस तारखेला, श्रेयाला रक्त भरलं. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू आणि मग सगळंच बंद. आमच्याकडं रक्त यायचं ते कॉलेजांतून, वाळूजच्या कारखान्यांतून आणि जयंत्यांच्या शिबिरांतून. कॉलेजांना कुलपं, कारखाने बंद. चौदा एप्रिलच्या आठवड्यात तर रोज दोन-दोन शिबिरं असायची, त्यावर आमचा अर्धा उन्हाळा निघायचा. ती सगळी रद्द झाली. रक्त काही वर्षभर साठवून ठेवता येत नाही, महिना-सव्वा महिन्यात पिशवी टाकून द्यावी लागते. एप्रिलच्या दहा तारखेला मी फ्रिज उघडला तेव्हा बी पॉझिटिव्हचा कप्पा रिकामा होता. श्रेयाचा गट तोच. इतर पेढ्यांना फोन केले. तिथंही तेच.

मग तिला फोन केला. "सुलेखाताई, रक्त नाहीये. कुणीतरी दाता घेऊन या. कुठल्याही गटाचा चालेल, आम्ही बदलून मिळवायचा प्रयत्न करू."

ती म्हणाली, "आणते, दादा."

त्या दोन दिवसांचं तिनं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. ती आधी आपल्याच वस्तीत गेली. वस्तीतली पोरं दर जयंतीला रक्त द्यायची, त्यांची प्रमाणपत्रं भिंतींवर लावलेली होती. पण दारं उघडत नव्हती. खिडकीतूनच बोलणं व्हायचं. दवाखान्यात पाय ठेवला की चौदा दिवस कोंडून ठेवतात, असं जो तो म्हणत होता. एक जण तयार झाला, चप्पल घालून बाहेरही आला, तर त्याच्या आईनं दारातच बसकण मारली. "सुलेखा, तुला एक लेकरू, तसं मला बी हे एकच हाय," ती म्हणाली. सुलेखा पुढच्या दाराशी गेली. बेचाळीस घरं झाली, आणि शेवटी सोमनाथ नावाचा एक मिस्त्री तयार झाला.

तेरा तारखेला सकाळी अतुलच्या मोटारसायकलवर सोमनाथ आणि मागं सुलेखा असे दोघं निघाले. पडेगावच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं. तिनं श्रेयाचं कार्ड दाखवलं, माझं नाव सांगितलं.

"पेशंट कुठाय?" हवालदारानं विचारलं.

"घरी हाय. हे रक्त द्यायला चालले."

"पेशंट असता तर सोडलं असतं, बाई. असं कुणीबी येऊन रक्त द्यायला चाललो म्हणंल. मागं फिरा."

तिनं मला फोन लावून त्याच्या हातात दिला. मीही समजावलं, पण हवालदाराला वरून आदेश होता, त्याचाही नाइलाज. फोन सोमनाथच्या हातात आला तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, ताई खाली बसल्या रस्त्यावर. काय करू मी?" दोघं माघारी गेले.

घरी श्रेया झोपूनच होती. ओठ पांढरेफटक, पोट वर आलेलं, दोन पावलं चालली तरी धाप लागायची. दाराशी बसलेल्या अतुलला तर दातासुद्धा होता येत नव्हतं, त्याच्या रक्तातच तो दोष. वाळूज बंद, हातात काम नाही. तो दिवसभर पोरीचे तळपाय चोळत बसायचा. सासू भामाबाईनं सुनेला सांगितलं, "आता त्येंनाच इकडं बोलव. आपल्याला जाऊ देत नायत तर त्येंनी यावं."

तसा सुलेखाचा मला फोन आला. आमच्याकडं रक्त घेण्याची गाडी होती, पण एका पिशवीसाठी ती हलवता येत नव्हती. मी आमच्या डॉक्टर मॅडमशी बोललो. त्या म्हणाल्या, "दहा नावं आणि मोकळी, हवेशीर जागा मिळाली तर परवानगी मी काढते."

चौदा एप्रिल. वस्तीत मिरवणूक नाही, लाउडस्पीकर नाही. लोकांनी बाबासाहेबांचे फोटो उंबऱ्याशी ठेवले होते आणि घरातलेच चौघं-पाच जण हात जोडून उभे होते. सुलेखा पुन्हा त्याच दारांशी गेली. या वेळी भामाबाई बरोबर होती.

"दरसाल या दिवशी तुम्ही रक्त देता," सुलेखा प्रत्येक दाराशी म्हणत गेली. "औंदा शहरात जायचं नाय. गाडी इथं येईल. माझ्या पोरीला उभं राहता येईना झालंय."

ती सांगायची, "दादा, तोंडातून शब्द निघायच्या आधी लाज यायची. तिसऱ्या घरानंतर लाज गेली. मंग नुसतीच भीती राहिली." संध्याकाळपर्यंत चौदा नावं झाली.

जागा मात्र मिळेना. शाळेत बाहेरून आलेल्यांना ठेवलं होतं. समाजमंदिरात गर्दी नको, असं ग्रामपंचायतीनं सांगितलं. मग गावाबाहेर तात्यासाहेबांचा मळा राहिला. ते गावचे मोठे जमीनदार, त्यांच्याच बागेतले पेरू सुलेखा विकायला घ्यायची. तिथली कांद्याची चाळ रिकामी होती. ती फाटकाशी गेली. तात्यासाहेब ओसरीवरूनच बोलले.

"पोरी, तुझं दुःख मला कळतं. पण घरात हिला दम्याचा त्रास हाय. शहराची गाडी मी मळ्यात येऊ देणार नाय."

त्यांच्या मागं त्यांची बायको चतुराबाई खाटेवर बसलेली होती, तिच्या धापेचा आवाज फाटकापर्यंत येत होता. सुलेखा म्हणाली, "मला त्यांच्यात श्रेयाच दिसली, दादा." ती परत फिरली आणि बांधावरून चालत निघाली. मागून कुणीतरी हाक मारली. तात्यासाहेबांची सून राजनंदिनी होती, तिचं तोंड पदरानं बांधलेलं. तोवर दोघींचं बोलणं असं कधी झालंच नव्हतं. मापून दिलेले पेरू आणि रिकामी पाटी, एवढाच संबंध.

"चाळीला मागच्या रस्त्यानं येता येतं," राजनंदिनी म्हणाली. "घरापासून लांब हाय. सकाळी मी झाडून ठेवते. मामंजींना मी बघते. आणि माझं बी नाव लिहा."

सोळा तारखेला आम्ही गेलो. चाळ झाडलेली, जमीन शिंपडलेली, चुन्यानं अंतरा-अंतरावर रेघा मारलेल्या. पंधरा नावांपैकी आले आठ जण. त्यातल्या तिघांचं हिमोग्लोबिन कमी भरलं. एकाला त्या दिवशी सकाळीच बारीक ताप होता. चौघांचं रक्त घेतलं. सोमनाथचं, वस्तीतल्या दोघांचं आणि राजनंदिनीचं. रक्त घेत असताना मळ्याच्या घराचं दार एकदा उघडलं. तात्यासाहेब लांब उभे राहिले, सुनेकडं बघितलं आणि आत गेले.

श्रेया आणि सुलेखाला आम्ही गाडीतच शहरात घेऊन आलो. पोरीचं हिमोग्लोबिन चारच्याही खाली गेलं होतं. तपासण्या होऊन दुपार टळली तेव्हा निकाल आले. राजनंदिनीचं बी पॉझिटिव्ह निघालं. ती पिशवी श्रेयाला लागली. उरलेल्या तीन पिशव्या वाट बघत असलेल्या दुसऱ्या तीन लेकरांना गेल्या. पाचवं एक होतं. त्याच्या बापाला मी उद्या या म्हणालो. उद्या कुठून आणणार होतो, ते मलाही माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तारीख होतीच. ज्यानं एकदा रक्त दिलं त्याला तीन-चार महिने देता येत नाही, त्यामुळं प्रत्येक वेळी नवा माणूस शोधायचा. सुलेखा शरणापूर, मिटमिटा, पडेगाव असं पायी फिरली. कागजीपुऱ्यात गेली. कुणी हाकललं, कुणी बसवून चहा दिला. किल्ला बंद, पेरूचा धंदा बंद, घरात रेशनचा तांदूळ. पण तिचं एकच काम चालू राहिलं. वर्षभरात तिनं सोळा तारखा सांभाळल्या. श्रेया तगली.

२०२१चा एप्रिल आला तो याहून वाईट. कारखाने सुरू झाले होते, अतुल कामावर जात होता. एक दिवस तो तापानं फणफणत घरी आला आणि चौथ्या दिवशी त्याला ऑक्सिजन लावावा लागला. श्रेयाची तारीख त्याच आठवड्यात. या खेपेला दातेच नव्हते. अर्ध्या गावाला ताप येऊन गेलेला, आणि ज्यांनी लस घेतली त्यांना तेव्हा काही आठवडे रक्त देता येत नव्हतं. सुलेखा सकाळी दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहायची, दुपारी दाता शोधायला निघायची. श्रेयाजवळ भामाबाई.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी तिला सांगितलं, की अतुलचं काही खरं नाही, जवळच थांबा. आणि त्याच दुपारी कागजीपुऱ्याहून मुनीरभाईंचा फोन आला. कागद बनवण्याचं काम करणारा माणूस, आदल्या वर्षीही त्यानं रक्त दिलं होतं. रमजान चालू होता. "बहना, रोजा छोड़ को आतूं मैं, फिकर नक्को करो," तो म्हणाला. पण त्याच्याकडं गाडी नव्हती, नाक्यावर एकट्याला सोडलंही नसतं. सुलेखा फाटकाशी अर्धा तास उभी राहिली. मग अतुलची मोटारसायकल स्वतः चालवत कागजीपुऱ्याला गेली. गाडी ती दोन-तीन महिन्यांपूर्वीच शिकली होती.

साडेसातच्या सुमारास मुनीरभाई आमच्या खाटेवर झोपले होते, पिशवी निम्मी भरली होती. सुलेखा खिडकीशी उभी. तिचा फोन वाजला. तिनं ऐकलं, "व्हय" म्हणाली, मग पुन्हा एकदा "व्हय". फोन खांद्यावरच्या पिशवीत ठेवला. मला म्हणाली, "दादा, यांचा गट बीच हाय ना? मागच्या खेपेला बीच निघाला होता."

मी म्हणालो, "बीच आहे."

"मंग श्रेयाला सासूबाई सकाळी घेऊन येतील. मला तिकडं जावं लागंल. हे गेले."

मुनीरभाई उठायला लागले, मी त्यांना झोपवलं. ती गेली. अतुलचा चेहरा तिला बघायला मिळाला नाही, बांधलेलं शव लांबूनच दाखवलं. सकाळी भामाबाई नातीला घेऊन आली. मुलाच्या मरणाला तेव्हा बारा तास झाले होते. ती म्हातारी श्रेयाच्या उशाशी ताठ बसून राहिली, कारण पोरीला अजून सांगितलं नव्हतं.

पुढच्या तारखेला सुलेखा स्वतः आली. मी काहीतरी म्हणायला लागलो, की तुम्ही तिथं असता तरी डॉक्टर काही... तिनं हात वर केला.

"मी तिथं असते तर काय झालं असतं, ते मला सांगू नका, दादा. कुणीच सांगू नका."

नंतर कधी हा विषय निघाला नाही.

आता श्रेया चौदा वर्षांची आहे. सुलेखा पुन्हा किल्ल्यापाशी पेरू विकते. राजनंदिनी आणि तिचं बोलणं आहे, तात्यासाहेबांच्या ओसरीवर मात्र ती अजूनही जात नाही. शिबिरं होतात, कॉलेजं भरलेली असतात, आमचा फ्रिजही बहुतेक वेळा भरलेला असतो. तरी तारखेच्या दोन दिवस आधी तिचा फोन येतोच. "हाय ना, दादा?" ती विचारते. मी बसल्या जागेवरून आहे म्हणालो तर ती फोन ठेवत नाही, नुसता तिचा श्वास ऐकू येत राहतो. मग मी उठतो, फ्रिजपर्यंत जातो, कप्पा उघडून बघतो आणि पुन्हा सांगतो. तेव्हा कुठं ती फोन ठेवते.