ईटच्या माळावरचा डबा

गाडी चालवता चालवता बाई मध्येच डावा हात माझ्यासमोर आडवा धरायच्या आणि ब्रेक दाबायच्या. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. बाईंचं लक्ष तारेवरच्या पाखराकडं. "नीळकंठ आहे गं. बघ, बघ." मी म्हणायची, "बाई, आपण डबा शोधायला निघालोय ना?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "आधी पाखरू, मग डबा."

धाराशिवच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि मी मराठी. सगळी शाळा त्यांना नुसतं बाई म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. चपलेचा आवाज आला की वर्ग चिडीचूप, अशी एक बाई तुमच्याही शाळेत असेल. पण त्या रविवारी काय करतात हे तुम्हाला कधी कळलं नसेल. आमच्या बाई डबे शोधायच्या.

हे खूळ त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं मोबाईलमध्ये घालून दिलं होतं. जगभरात लोक डबे लपवून ठेवतात आणि ठिकाण मोबाईलवर टाकतात. आपण तिथं जायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं, आतली एखादी वस्तू घेतली तर आपली एक ठेवायची आणि डबा होता तसा लपवून यायचं.

"आणि बक्षीस?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे आपलं पेट्रोल जाळून दुसऱ्याचा डबा बघून यायचा?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "चल, रविवारी सातला तयार राहा."

मी का जायची, हे मलाही सांगता येणार नाही. मला ऊन सोसत नाही, आणि पाखरांतलं चिमणी-कावळ्यापलीकडं कळत नाही. पण बाईंच्या पिशवीत धपाटे असायचे आणि येडशीला रामलिंगाच्या दर्शनाचं निमित्त असायचं. तिथंच त्यांनी मला लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक दाखवला. दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावून स्वतः नुसत्या डोळ्यांनी बघत उभ्या राहिल्या. मी "अगं बाई!" म्हणून ओरडले आणि पाखरू उडालं. त्या रागावल्या नाहीत. "दिसलं ना? मग झालं."

एकदा सोलापूरच्या वाटेवरच्या एका डब्यासाठी आम्ही भर उन्हात माळ तुडवत गेलो. डबा समोरच्या दगडाखाली, मोबाईल तसं सांगतही होता. तेवढ्यात टिटवी डोक्यावर घिरट्या घालायला लागली. बाई जागच्या जागी थांबल्या. "अंडी असतील इथं. चल मागं."

"बाई, चार पावलं राहिलीत!"

"तिची अंडी उघड्यावर असतात. आपण इथं रेंगाळलो तर ती उन्हात भाजतील. डबा काय, पुढच्या वर्षी पण इथंच आहे." आणि खरंच परत फिरल्या. मी गाडीत तुळजापूर येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. धपाटे तेवढे खाल्ले.

मग बाईंनी स्वतःचा डबा लपवायचं ठरवलं. त्यांचं माहेर ईटचं. भावाच्या रानाला लागून त्याचाच माळ होता, तिथं दगडांच्या ढिगात त्यांनी स्टीलचा डबा ठेवला. आत कागद, पेन्सिल, गोट्या, लाल बांगडी. वरून लाल रिबीन बांधायची बुद्धी त्यांना कुठून झाली, देव जाणे. मोबाईलवर त्यांनी डब्याच्या माहितीत लिहिलं, 'उन्हाळ्यात इथं टिटवी असते. ती ओरडली तर परत फिरा. आधी पाखरू, मग डबा.'

पंधरवडाही झाला नसेल, भावाचा फोन आला. "अक्का, तुझ्या डब्यापायी माळावर जत्रा भरलीय. लोक भानामती म्हणायलेत."

आम्ही पोचलो तर डबा उघडा पडलेला, भोवती माणसांचं कडं आणि कुणीतरी लिंबूसुद्धा आणलेलं. डबा सापडला होता एका मेंढपाळ म्हातारीला. ती लांब बसून होती, मेंढरं पुढं जाऊ देईना. आता बाई अंधश्रद्धेवर तास घेणार, असं मला वाटलं. पण त्या म्हातारीशेजारी मातीत बसल्या आणि एकेक वस्तू तिच्या हातात देत गेल्या. "हे खेळणं आहे, मावशी. लांबून कुणीतरी येईल, ह्यातलं एक घेईल, आपलं एक ठेवील आणि कागदावर नाव लिहून जाईल."

"ह्या माळावर कोन यील?"

"येईल कुणीतरी."

"अन न्हाय आलं तर?"

बाई गोट्या परत डब्यात भरू लागल्या. म्हातारीनंच मग कोकराच्या गळ्यातलं घुंगरू सोडलं आणि डब्यात टाकलं. "लई लांबून आल्यालं मानूस रिकाम्या हातानं कशाला जाईल?"

त्या दिवसापासून म्हातारी डब्याची राखणदार झाली. आम्ही गेलो की लांबूनच हात हलवायची, "न्हाय आलं कुनी!" बाई हसायच्या. पण मधल्या सुट्टीत त्या चहा गार होऊ देऊन मोबाईल बघत बसायच्या, ते आम्हा सगळ्यांना दिसायचं. कुणी आलं की त्यात कळतं म्हणे. शिक्षकांच्या खोलीत चेष्टा व्हायची, "बाई, पाव्हणे आले का?" मीही त्यात असायची. दोन पावसाळे गेले, कागद कोराच होता. त्यावर कुणाचं तरी एक नाव पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या तसं बोलून दाखवायच्या नाहीत, पण दर खेपेला पेन्सिलीला टोक करून ठेवायच्या.

दिवाळीनंतर बाईंचं दुखणं निघालं. सोलापूरच्या दवाखान्यात भेटायला गेले, तर पहिला प्रश्न, "ईटहून काही?" खोटं सांगता आलं असतं. पण बाईंपुढं कुणाचं खोटं टिकायचं नाही, ते त्या डोळ्यांवरून ओळखायच्या. मी म्हणाले, "अजून नाही." "येईल," त्या म्हणाल्या आणि खिडकीतल्या साळुंकीकडं बघत राहिल्या. होळीच्या आत बाई गेल्या.

उन्हाळ्यात मी डबा आणायला ईटला गेले. तो माळावर बेवारस पडावा, हे मला बघवलं नसतं. दगडांचा ढीग दिसला आणि टिटवी अंगावर आली. मी चार शिव्या हासडल्या आणि थांबले. पिशवी काखेत मारून परत फिरले, बाभळीखाली आले, तर तिथं म्हातारी. मला बघून उठलीच.

"आलतं की हो!" ती म्हणाली. "नवराबायको होती. आठ दिस झालं असतील. गाडी लांब लावली, गळ्यात तुमच्यासारखीच दुर्बीन. दगडापतुर आली. टिटवी वरडली, तशी मागं फिरली. मी हाका मारल्या, डबा तितंच हाय, घ्या की! तर त्यातली बायको म्हनली, आधी पाखरू. अन हसत गेली."

पदर डोळ्यांना लावून तिथंच उभी राहिले.

"मास्तरीनबाईस्नी सांगा," म्हातारी म्हणाली. "आलं म्हनावं कुनीतरी."

मग सांगावं लागलं. ऐकून ती खाली बसली. मेंढरं पांगली तरी तिनं हाळी दिली नाही. म्हणाली, "मग आता कुनी आलं, तर म्या सांगू कुनाला?"

"मला सांगा," मी म्हणाले.

टिटवी अजून ओरडत होती, म्हणून आम्ही दोघी आणखी थोड्या मागं सरकलो.