रिक्षांचा आवाज

झोप यावी म्हणून मी ऑनलाइन उपचार सुरू केले, तेव्हा बाबांना त्याची फार गंमत वाटली. गोळी नाही, औषध नाही; आठवड्यातून एकदा लॅपटॉपसमोर बसायचं आणि एका समुपदेशक बाईंशी हिंदीत बोलायचं. झोप येत नसेल तर पलंगावर लोळत पडायचं नाही, सारखं घड्याळ बघायचं नाही, आणि चिंता करायचीच असेल तर ती संध्याकाळी ठरलेल्या वेळी उरकून घ्यायची. बाबा म्हणाले, आमच्या सिंचन खात्यात चिंतेला अशी वेळ ठरवून दिली असती तर निम्मे साहेब सुधारले असते.

उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई गेल्यावर बाबांना माझ्याकडे आणताना कुणाला विचारावं लागलं नाही. त्यांची खाट हॉलमध्ये होती आणि नेटही धड चालायचं ते हॉलमध्येच. म्हणजे माझा सगळा इलाज त्यांच्या उशापाशी चालायचा.

पहिल्याच वेळी बाईंनी विचारलं, रात्री जाग कशाने येते? उत्तर अगदी ओठांवर होतं. बाबांच्या खोकल्याने. आणि खोकला थांबला, की तो का थांबला म्हणून. ते उठून बाथरूमकडे निघाले की परत खाटेवर टेकेपर्यंत मी कान लावून पडलेली असायची. पण बाबा समोरच पेपर वाचत बसले होते. वडिलांच्या तोंडावर, तुमच्यामुळे माझी झोप उडते, असं कसं म्हणायचं? दुसऱ्या भाषेत बोलून वेळ मारून नेण्याचीही सोय नव्हती. उज्जैनमध्ये जन्म गेलेल्या मराठी माणसाला हिंदी मराठीइतकीच कळते. मी सांगून टाकलं, रिक्षांच्या आवाजाने. स्टेशन जवळ आहे, यात्रेकरूंची रात्रभर ये-जा चालते.

बाईंनी बाकीच्या नियमांबरोबर इअरप्लग सुचवले. टावर चौकातल्या मेडिकलमधून मी ते लगेच घेऊन आले. आणि मला झोप लागायला लागली. गाढ, लहान मुलासारखी. ऑफिसात चिडचिड कमी झाली, चेहरा उजळलाय असंही कुणीतरी म्हणालं. कानात बोळे घालून आपण नेमकं काय बंद करतोय हे मला कळत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. कळत होतं. पण झोप इतकी गोड होती की मी तिकडे काणाडोळा केला.

एका सकाळी हॉलमध्ये आले तर बाबा बाथरूमच्या दाराशी, भिंतीला टेकून फरशीवर बसलेले. मनगट सुजलेलं, पाय गारठलेले. रात्री कधीतरी पडले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घातलं; खुबा वाचला हे नशीब, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मी रडत रडत विचारलं, हाक का नाही मारलीत?

"तुझी नींद खराब झाली असती," बाबा म्हणाले. "आत्ता कुठे लागायला लागलीय."

मग प्लास्टरचा हात त्यांनी उशीवर नीट ठेवला.

"आणि रात्री आपल्या गल्लीत रिक्षा कुठे येतात गं? मला समजतं ना."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. गेले कित्येक दिवस ते खोकलाही दाबत असणार. मला माझीच किळस आली.

पुढच्या भेटीत सगळं खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. बाबांसमोर, त्यांना ऐकू जाईल असं. बाईंनी विचारलं, झोप कशी आहे? मी तोंड उघडायच्या आत बाबा खाटेवरून कौतुकाने बोलले.

"मॅडम, अब तो ऐसी सोती है कि किसी आवाज़ से नहीं उठती."

बाईंनी माझं अभिनंदन केलं. मी थँक यू म्हणाले.