बागेखालचा बोगदा आणि मोजणीताईंचे आठ दिवस

शहराच्या मोठ्या बागेखालून गाड्यांसाठी बोगदा खणला जात होता, तेव्हा खाली छत्तीस माणसं होती, त्यात मोजणीताईंचा नवराही. वर गवतावर दुर्बीण लावून उभ्या असायच्या मोजणीताई. जमीन किती खचते ते कळावं म्हणून बागेत ओळीने लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. रोज सकाळी त्यांची उंची बघायची आणि वहीत लिहायची. काम एवढंच, पण डोळ्यांत तेल घालून करायचं.

एकदा आठ दिवस मापात फरकच येईना. साहेब खूश! ताईंना मात्र हे पटेना. अहो, खालून एवढी माती उपसायची आणि वर जमीन तसूभरही हलत नाही? असं कुठं असतं का?

त्यांनी माळीदादांना गाठलं.

"खुंट्यांना कुणी हात लावतं का हो?"

"दुसरं कोण लावणार? मीच की!" माळीदादा छाती फुगवून म्हणाले. "मेल्या रोज खाली बसतात. गेले आठ दिवस मी दोरी धरून सगळ्या एका रेषेत वर घेतो, खड्ड्यात माती भरतो. बाग कशी नीटनेटकी दिसायला हवी!"

झालं! आता कपाळावर हात मारायचा नाही तर काय करायचं?

ताई धावतच साहेबांकडे गेल्या. "माणसं वर काढा. माझी आठ दिवसांची मापं खोटी आहेत."

"त्या मापांखाली सही तुमची आहे, ताई. नोकरी जाईल, कळतंय ना?"

"जाऊ दे गेली तर! आधी माणसं काढा."

साहेब चडफडले, पण भोंगा वाजवला. सगळे वर आले, डबे उघडले, तेवढ्यात गुलाबाचा अख्खा वाफा धाडकन खाली गेला. ताईंची नोकरी राहिली. ताईंनी वहीतल्या आठ ओळी लाल शाईने खोडल्या आणि शेजारी पुन्हा सही केली.

आता त्या बोगद्यातून बस जाते. तोंडाशी लावलेल्या पाटीवर बड्या लोकांची नावं आहेत, मोजणीताईंचं नाही. त्याने नवऱ्याचं काही अडत नाही. शेजारी बसेल त्या प्रवाशाला तो धरतोच.

"इथं छत्तीस माणसं वाचवली हिने, बरं का!"

"अहो, पुरे!" ताई मागच्या बाकावरून म्हणतात. "आणि आठ दिवस चुकीचं मोजलं, तेही सांगा."

"तेच तर सांगतोय," तो प्रवाशाकडे वळून म्हणतो. "चुकलं ते हिने झाकलं असतं, तर तुमच्या शेजारी आज मी बसलो नसतो."