साळवेबाई आणि फ्लॉपीतला तांदूळ

कॉम्प्युटर अडला की माणूस विचारतो, "काय झालं?" साळवेबाईंनी हा प्रश्न कधीच विचारला नाही. त्या केबिनच्या दाराशी चपला काढायच्या, पदर खोचायच्या आणि पडद्याकडे ढुंकूनही न बघता आमच्या तोंडांकडे बघून विचारायच्या, "कोणी काय केलं?"

आणि मग वही उघडायच्या. जाड पुठ्ठ्याची, आडवी. तारीख, वेळ, पडद्यावर काय आलं, त्याआधी कोणी काय केलं आणि शेवटी त्या माणसाची सही. सही झाल्याशिवाय बाई माउसला हात लावत नसत. "पडद्यावरचं अर्धं असतं," त्या म्हणायच्या, "उरलेलं अर्धं माणसाच्या पोटात असतं. ते काढल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही."

सुप्याच्या एमआयडीसीत पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही होतो. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार. मी स्टोअरमध्ये कारकून. नुकतंच लग्न झालेलं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी समजूत. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या साळवेबाई मूळच्या नेवाशाकडच्या. बोलणं शुद्ध, पण राग आला की गावची भाषा बाहेर यायची, आणि ती आली की आम्ही खुर्च्या मागे सरकवायचो. कंपनीत कॉम्प्युटर दोन: एक बाईंच्या काचेच्या केबिनमध्ये आणि एक जुना, माझ्या टेबलावर.

आमची पहिली भेट त्या जुन्या यंत्रासमोर झाली. मी 'ए' ड्राइव्ह उघडत होतो आणि ड्राइव्ह तयार नसल्याचा संदेश येत होता. खाली 'पुन्हा प्रयत्न करा' असं बटण. मी आज्ञाधारक माणूस. दाबत राहिलो. विसाव्या वेळी बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मुळेभाऊ, फ्लॉपी घातलीय?"

"नाही. घालावी लागते?"

"मग रिकाम्या घराचं दार कोणासाठी वाजवताय? आत कोणी राहतच नाही."

वहीत माझी पहिली सही पडली. वर लिहिलं होतं, "मी काही न घालता उघडत होतो." आठवडाभर कंपनीच्या बसमध्ये तेवढा एकच विषय होता.

त्यानंतरच्या दसऱ्याची गोष्ट. बाई आईला घेऊन दीक्षाभूमीला नागपूरला जायच्या, म्हणून त्यांनी चार दिवस रजा टाकली होती. जाताना पडद्यावर कागद चिकटवून गेल्या: "यंत्र बंद आहे. कोणीही हात लावू नये." त्यांच्या नोकरीला दिवाळीत वर्ष पूर्ण होणार होतं. कायम झाल्याचं पत्र टाइप होऊन साहेबांच्या खणात पडलंय, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. घरात कायम नोकरी लागणाऱ्या त्या पहिल्याच.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. लेथला झेंडूचा हार, ड्रिलला हार, वजनकाट्याला हार. ऑफिसच्या पूजेचा मान माझ्याकडे आला. एवढं महागाचं यंत्र काचेआड बिनपूजेचं ठेवायचं? माझं मन धजेना. मी केबिन उघडली. पडद्याला कुंकू लावलं, कीबोर्डला हळद लावली, बाईंच्या त्या कागदालाही एक बोट टेकवलं. खाली फ्लॉपीची आडवी फट दिसली, अगदी तोंडासारखी. तिथे भरपूर कुंकू लावून मी मूठभर अक्षता वाहिल्या. पेढाही भरवणार होतो, पण पेढे संपले होते. त्या यंत्राचं नशीब तेवढ्यापुरतं चांगलं.

दसरा झाल्यावर साहेबांना एक ड्रॉइंग हवं होतं. हार्डडिस्क लहान, म्हणून पुण्याच्या गिऱ्हाइकाची सगळी ड्रॉइंगं फ्लॉप्यांवर असायची. मी ऐटीत पहिली फ्लॉपी घातली. खर्र असा आवाज झाला. डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का, असं पडद्यावर आलं. इतक्या अदबीने कोणी विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? मी 'हो' दाबलं. काम होईना, म्हणून दुसरी घातली. परत तोच प्रश्न, परत 'हो'. अशा सात फ्लॉप्या मी एका पाठोपाठ एक त्या कुंकवात घासल्या आणि वर हो म्हणून पुसून टाकल्या. नंतर डबा जागेवर ठेवला, कुंकू रुमालाने पुसलं आणि चहाला गेलो.

बाई परत आल्या त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना केबिनसमोर उभं केलं. ड्रॉइंगांसाठी त्यांना पुण्याला जाऊन हात जोडावे लागले होते.

"साळवे, चार दिवस हुंदडायला जाता आणि यंत्र असं टाकून? हे तुमचं काम?"

"साहेब, मी जाताना डबा तपासून..."

"मग काय भुताने केलं?" साहेबांनी आमच्याकडे बघितलं. "कोणी हात लावला होता का रे?"

मी भिंतीवरची सुट्ट्यांची यादी वाचू लागलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. प्रजासत्ताक दिन ते नाताळ. पत्र खणातच राहिलं. बाईंची उमेदवारी सहा महिन्यांनी वाढली.

दुपारी बाईंनी ड्राइव्ह खोलला. आतून लाल भुकटी निघाली आणि चिमट्याने एक तांदूळ निघाला. तो त्यांनी प्लॅस्टिकच्या पुडीत घातला, पुडी वहीत चिकटवली आणि वही घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"मुळेभाऊ, तांदूळ कोलम हाय. तुमच्या डब्यात बी कोलमच असतो."

"साहेबांना सांगणार का?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? ज्यानं केलं त्यानं सांगायचं. मी थांबंन. पन तुमाला सुखानं बसू देनार न्हाई."

शब्दाला जागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोअरच्या याद्या उघडायला गेलो, तर तिथे 'सांगा' नावाचा फोल्डर. आत 'सांगा', त्याच्या आत 'सांगा'. बावीस फोल्डर उघडल्यावर माझी यादी सापडली. पुढच्या सोमवारी तीस झाले. मी चिडून कुठलं तरी बटण दाबलं की यंत्र अडायचं. मग बाई यायच्या आणि गेटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "कोणी काय केलं?" आणि वही पुढे. पानाच्या कोपऱ्यात तो तांदूळ. त्याच्या शेजारी मी सह्या करत होतो.

मीही सूड घ्यायचं ठरवलं. नगरच्या जुन्या बाजारातून कॉम्प्युटरचं पुस्तक आणलं, बसमध्ये वाचलं आणि एका आज्ञेत सगळे 'सांगा' उडवले. विजयाने केबिनकडे बघितलं. बाईंनी काचेआडून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी फोल्डर लपवलेले होते. ते शोधायला शिकलो, तर त्यांनी उघडायला परवलीचा शब्द लावला. शब्द काय असेल, हे शोधायला मला तीन दिवस लागले. 'तांदूळ'. बायको म्हणायची, "झोपेत 'सांगा, सांगा' काय बडबडता?"

पाच महिने काढले. सहाव्या महिन्यात मी मोडलो. सकाळी सगळ्यांसमोर साहेबांपुढे जाऊन सांगून टाकलं. कुंकू, अक्षता, सात फ्लॉप्या, सात वेळा 'हो'.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसायला लागले. "अरे मुळ्या! देवभोळा तो देवभोळाच! फ्लॉपीला अक्षता!" सगळे हसले. हायसं वाटून मीही हसलो. बाई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी केलं असं वाटलं तवा तुमी हसला न्हाईत."

साहेबांनी घाईघाईने खण उघडून पत्र काढलं, नवी तारीख घातली आणि पुढे केलं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि टेबलावर परत ठेवलं. नगरला दुसरीकडे नोकरी त्यांनी कधीच बघून ठेवली होती. थांबल्या होत्या त्या फक्त माझ्यासाठी.

शेवटच्या दिवशी साहेब धास्तावले होते. ही बाई जाताना काही बिघडवून जाणार, सगळं लपवून जाणार. स्वतः बसून त्यांनी एकेक ड्राइव्ह, एकेक फोल्डर उघडून बघितला. सगळं उघडत होतं. सगळ्याला नावं होती, सगळ्याची दुसरी प्रत होती.

"बघा नीट," बाई म्हणाल्या. "समदं उघडं ठिवलंय. फक्त बोट दाखवायला आता मी न्हाई. माझ्या जागी मुळेभाऊंना बसवा. त्यांना समदे फोल्डर पाठ हायेत."

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो. "बाई, आता मनात काही नाही ना?"

"हाय की," त्या रिक्षाला हात करत म्हणाल्या. "सांगितलं, बरं केलं. म्हणून सहा महिने परत आले का?" आणि रिक्षात बसल्या. परत कधी भेटल्या नाहीत.

त्या खुर्चीत मी पुढे अकरा वर्षं काढली. पहिल्याच आठवड्यात साहेबांचा आवाज आला, "मुळे! हा ड्राइव्ह का उघडत नाही? काय करून ठेवलंस?" मी धावलो. बटणावर बोटभर चहा सांडलेला. फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा चालू असतानाच ओढून काढलेली, तिच्या तोंडावरचा पत्रा वाकलेला. मी हात लावला नव्हता. वही उघडली. पुडीतला तो लाल तांदूळ वर आला.

"कोणी काय केलं?" मी विचारलं.

साहेबांच्या हातात अर्धा कप चहा होता. ते वळले आणि भिंतीवरची सुट्ट्यांची यादी वाचू लागले.

पेन माझ्या हातात होतं. ते नाताळपर्यंत पोचले तेव्हा वहीत मीच सही केली.