डावीकडे झुकलेले टाके

रफूवाल्या काकूंच्या बोटांना डोळे होते म्हणा ना! कोटाला भोक उंदराने पाडो की विडीने, काकूंनी रफू केलं की खुद्द मालकाला जागा सापडायची नाही. ही विद्या त्यांनी एकट्या लेकीला दिली. पण लेक निघाली डावखुरी. तिचे टाके डावीकडे झुकायचे. काकू ओरडायच्या, "बये, उजव्या हाताने कर!" बया कसली ऐकते!

एका रविवारी जावई दुकानात येऊन ओक्साबोक्शी रडला. "तुमची लेक मला सोडून निघून गेली हो!" उठताना कोटाचं कोपर दाराच्या खिळ्यात अडकून टर्रकन फाटलं.

"द्या, शिवून देते."

"नको, नको."

पुढच्या रविवारी स्वारी पुन्हा रडायला हजर. काकूंनी चहा पुढे केला, धूळ झटकायच्या मिषाने कोपरावर बोट फिरवलं आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. टाके डावीकडे झुकलेले. निघून गेलेली बाई काल-परवा नवऱ्याचा कोट शिवते कशी?

"रफू कुठे केलंत हो?"

"बाजारात." डोळे पुसता पुसता तो हसला. "सगळी विद्या काय तुमच्याकडेच आहे, सासूबाई?"

फाटका कोट त्याला खपत नसे, आणि टाक्यालाही हस्ताक्षर असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

काकूंनी तडक पोलीस चौकी गाठली. सगळं ऐकून हवालदार मिशीत हसले. "काकू, टाके कुठे साक्ष देतात का?"

"रविवारी गणवेश शिवायला घेऊन या, आणि मी काय करते ते नुसतं बघा."

रविवारी हवालदार कोपऱ्यात बसले. काकूंनी रडणाऱ्या जावयाला जवळ घेतलं आणि बारक्या कात्रीने त्याची बाही मनगटापाशी कचकन कापली. "अगंबाई! हातात कात्री होती की माझ्या!"

"असू द्या," तो दात आवळून म्हणाला.

आठ दिवसांनी बाही पुन्हा अखंड, आणि हवालदार पुन्हा कोपऱ्यात. काकूंनी त्याचं मनगट धरलं, दिव्याखाली ओढलं आणि हवालदारांना भिंग दिलं. टाके डावीकडे झुकलेले, आणि शेवटची ओळ धाग्याची नव्हतीच. बाईमाणसाचा लांब, काळा केस होता. जावयाच्या डोक्यावर तर केसांचा दुष्काळ!

त्याचं रडणं मध्येच थांबलं.

"चला," हवालदार म्हणाले, "घर दाखवा."

कपाटामागे दार होतं. दारामागे बिनखिडकीची खोली, आणि खोलीत लेक, सुई हातात घेऊन. उजेडाने तिचे डोळे मिटले. तिने आईची बोटं चाचपली.

"दुसरं भोक तूच पाडलंस ना? ते फाटलेलं नव्हतं, कापलेलं होतं. म्हणून तर केस घातला."

काकूंनी तिचा डावा हात गालाला लावला. "बये, याच हाताने करत जा हो."