अमेरिकेचा मिक्सर

वायर जळाल्याचा वास आला की मला गंगाखेडचा तो दसरा आठवतो. थोरल्या दिरांनी अमेरिकेहून मिक्सर आणला होता. पिन बसेना म्हणून त्यांनी ती कापली आणि तारा आगकाड्यांनी बोर्डात खोचल्या. सासूबाईंनी मिक्सरला हळदकुंकू वाहिलं आणि नव्या सुनेचा मान म्हणून बटण मला दाबायला लावलं. भप्पकन धूर निघाला. "पांढऱ्या पायाची हाय गं ही!" सासूबाई जमलेल्या बायकांदेखत म्हणाल्या. दिरांनी मिक्सर उलटा केला. खाली एकशेदहा व्होल्ट लिहिलेलं त्यांनी वाचलं, मीही वाचलं; आपल्याकडची वीज दोनशेतीसची. "जाऊ दे आई, एकेकीचा पायगुण असतो," ते म्हणाले. आता म्हातारपणी ते माझ्याच घरी राहतात. नवी वस्तू आली की मी हळदकुंकू वाहते आणि म्हणते, "भाऊजी, बटण तुमीच दाबा." ते आधी वस्तू उलटी करून खालचे आकडे वाचतात. मी वाट बघते.